तिसरी सीडी

माझ्याकडे एका दशावतारी नाटकाच्या तीन सीड्यांपैकी दोन आहेत. डबीच्या पाठीवर ‘एकूण ३ सीडी’ असं ठळक छापलंय आणि तिसऱ्या जागी नुसता तो प्लास्टिकचा दातेरी गोल. चार वर्षांपूर्वी सावंतवाडीच्या आठवडा बाजारात, जुने रिमोट आणि चार्जर विकणाऱ्याच्या ताडपत्रीवर ही डबी मिळाली. वीस रुपयांना. त्याने दोनदा बजावलं, ताई, ह्यात एक कमी आहे, मागाहून बोलू नका. माझ्या ट्रंकेत आज दोनशे चाळीसच्या वर सीड्या आहेत, पण सगळ्यात जास्त वेळा लावलेली हीच अर्धी जोडी.

या चकत्या खरं तर व्हीसीडी, म्हणजे व्हिडिओ सीडी, पण आमच्याकडे तसं कुणी म्हणायचं नाही. ती सीडी, आणि तिचा तो ‘सीडी प्लेयर’. गाण्याची असो, पिक्चरची असो, लग्नाची असो. लग्न झाल्यावर महिन्याभरात नवरीच्या माहेरी विचारणा सुरू व्हायची, ‘सीडी आली काय?’

मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलं आणि १९९९ पासून पाच वर्षं कुडाळात एका दुरुस्तीच्या दुकानात होते. बॅचमध्ये आम्ही दोघीच मुली. टीव्हीचं काम मोठी माणसं करायची, सीडी प्लेयर माझ्याकडे यायचे, कारण हात बारीक आणि लेन्सपाशी कापूस नेताना घाई केली की संपलं. बहुतेक प्लेयर चिनी. वर चांदी रंगाचं झाकण, समोर दोन माइकची भोकं आणि काहींना तीन सीड्या एकदम ठेवायचा मोठा ट्रे. कुठलंही नाव छापलेलं असो, उघडलं की आत बऱ्याचदा तेच दिसायचं: केएसएस २१३ जातीचं पिकअप, म्हणजे चकती वाचणारा लेसर आणि लेन्सचा भाग, आणि ईएसएसची चिप. ‘नो डिस्क’ आलं की आधी लेन्स पुसायची, मग पिकअप जिच्यावरून सरकतं त्या स्लेजच्या दांडीला ग्रीस, मग चकती फिरवणारी स्पिंडल मोटर हाताने फिरवून बघायची. पिकअपच्या बाजूला एक इवलासा प्रीसेट, म्हणजे लेसरचा जोर कमी-जास्त करायचा स्क्रू, असतो. तो जरासा फिरवला की थकलेला लेसर पुन्हा वाचायला लागतो, पण काही महिन्यांत कायमचा जातो. मी गिऱ्हाइकाला हे सांगूनच फिरवायचे. काहींना तेवढंच हवं असायचं, ‘गणपतीपुरता चालवून दे.’

सीडी अटकते म्हणजे नक्की काय होतं, हे मला त्या टेबलावर कळलं, आणि या चकतीविषयी जिव्हाळाही तिथेच बसला. व्हीसीडीचे नियम १९९३ साली ठरले. फिलिप्स, सोनी, मात्सुशिता आणि जेव्हीसी या कंपन्यांचं ते काम. खुबी अशी की चकती तीच, गाण्याच्या सीडीची, आणि फिरण्याची गतीही तीच. ७४ मिनिटांचं गाणं मावत होतं तिथे ७४ मिनिटांचं चित्र मावायला हवं. म्हणजे सेकंदाला साधारण ११५० किलोबिट चित्राला आणि २२४ आवाजाला. एवढ्यात बसवण्यासाठी चित्र लहान केलं, आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत ३५२ बाय २८८ ठिपके. तरी जागा पुरेना, तेव्हा आणखी एक गोष्ट सोडली. संगणकाच्या माहितीच्या सीडीत प्रत्येक सेक्टरला, म्हणजे चकतीवरच्या माहितीच्या एका कप्प्याला, २०४८ बाइट माहिती आणि बाकी जागेत चुका दुरुस्त करायची जास्तीची सोय असते. व्हीसीडीने चित्राच्या भागात ती सोय काढून टाकली आणि सेक्टरमध्ये २३२४ बाइट भरले. ओरखडा आला की पडद्यावर जे चौकोन नाचतात, ते त्या सोडलेल्या २७६ बाइटांच्या जागी. मला यात कुणाचा निष्काळजीपणा दिसत नाही. गरिबाघरच्या यंत्राला परवडेल असं करायचं तर काहीतरी सोडायला लागतं, आणि त्यांनी विचार करून सोडलं.

आणि ते परवडलंही. सुरुवातीला पिक्चरची डबी विकत घेणं आमच्यासारख्यांचं काम नव्हतं, भाड्याने आणायची. २००७ च्या सुमाराला मोझर बेअर कंपनीने अठ्ठावीस रुपयांत व्हीसीडी काढली आणि डबी विकत घेता येते हे घराघरात कळलं. पण मी जमवते त्या सीड्या त्याही नव्हेत. मोठ्या पिक्चरांच्या चांगल्या प्रती कुठे ना कुठे आहेत, त्यांची मला काळजी नाही.

मला काळजी दशावताराची.

जे कोकणातले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. सिंधुदुर्गात कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात. देवाची ओटी भरायची, केळी ठेवायची, मध्यरात्री पालखीची प्रदक्षिणा झाली की देवळासमोर नाटक. सगळी पात्रं पुरुषांची, राणीसुद्धा. बाजूला पेटी, मृदंग, झांज. राजाला बसायला एक बाकडं, त्याच्यावर कापड टाकलं की सिंहासन झालं. आधी गणपती, रिद्धी-सिद्धी, भटजी, मोरावरची सरस्वती, मग काळ्या झग्यातला संकासुर. हा आडदशावतार. त्यानंतर आख्यान सुरू होतं ते पहाटेपर्यंत, आणि शेवटी दहीकाला. लहानपणी आम्ही घोंगड्यात गुंडाळून, खाजाची पुडी मांडीत घेऊन बसायचो आणि राक्षस आला की आजीच्या पदराखाली शिरायचो.

महत्त्वाचं हे की या नाटकाला संहिता नसते. कुणी लिहिलेलं पाठ करून बोलत नाही. आख्यान कुठलं एवढं ठरतं, कोण कुठली भूमिका करणार ते ठरतं, आणि बाकी सगळं रंगावर उभं राहिल्यावर. ऋषी आणि राजाचा वाद एका जत्रेत दहा मिनिटं चालेल, दुसऱ्या जत्रेत पाऊण तास. आज जे बोललं गेलं ते उद्या नाही. त्यामुळे एखाद्या रात्री कुणीतरी कॅमेरा लावला असेल आणि त्याची सीडी काढली असेल, तर ती एका नाटकाची प्रत नसते. त्या रात्रीचं जे उरलंय ते तेवढंच असतं. माझं सगळं म्हणणं एवढ्या एका गोष्टीभोवती आहे.

या सीड्या कोण काढायचं? लग्नाचं शूटिंग करणारीच मंडळी. लग्नसराई नसली की कॅमेरा रिकामा, म्हणून जत्रेला किंवा मुद्दाम एखाद्या हॉलमध्ये नाटक लावून शूट करायचे. दोन हॅलोजन, एक माइक पेटीजवळ, एक वर टांगलेला. मग संगणकावर रात्रभर एन्कोडिंग. कव्हरवर राक्षसाचा मोठा चेहरा, मागे ढग आणि वीज, खाली कलाकारांचे फोटो अंडाकृती चौकटीत. जत्रेतल्या खेळण्यांच्या दुकानात, एसटी स्टँडवर, उदबत्तीच्या गाड्यावर चाळीस-पन्नास रुपयांना मिळायच्या. मुंबईहून मे महिन्यात आलेले चाकरमानी जाताना आमसुलं, कुळीथ पीठ आणि दोन नाटकं घेऊन जायचे. लालबाग-परळच्या खोल्यांत त्या लागायच्या आणि शेजारची पाच-सहा घरं येऊन बसायची, हे मला मावशीने सांगितलंय. ती अशाच एका खोलीत पंचवीस वर्षं राहिली.

नाटक चार तासांचं आणि चकती सव्वा तासाची. मग कापाकापी. बहुतेकांनी आडदशावतार सरळ काढून टाकला आणि आख्यान दोन किंवा तीन चकत्यांत बसवलं. कुठे कापायचं याला काही नियम नव्हता, चकती भरली की कट. पण काही शूटिंगवाल्यांना नाटक कळत होतं. माझ्याकडे एक आहे, तिची पहिली सीडी राणी उंबऱ्यावर थबकते तिथे संपते, आणि दुसरी मृदंगाच्या थापेवर सुरू होते. ज्याने तो कट मारला त्याला मी ओळखत नाही, पण ट्रे बाहेर येतो तेव्हा दर वेळी त्याची आठवण काढते.

संकासुर कापलेला नाही अशा माझ्याकडे एकोणीस सीड्या आहेत आणि त्या मी वेगळ्या ठेवते. कारण तारीख. या कव्हरांवर साल छापलेलं नसतं. पण संकासुर आणि आख्यानातला विनोदी गडी त्या त्या वर्षीचं बोलतात. एका सीडीत संकासुर भटजीला सांगतो, ‘फयानान कौला नेल्यान, माड नेल्यान, माका मातर हयच ठेवल्यान!’ फयान वादळ आलं ११ नोव्हेंबर २००९ ला, म्हणजे नाटक त्याच हंगामातलं, लोकांच्या घरांवर अजून ताडपत्र्या होत्या तेव्हाचं. ते हसू ऐकलं की कळतं, कुणी वरवर हसलेलं नाही. दुसऱ्या एका सीडीत कांद्याच्या भावावरून राजाची थट्टा आहे. कांदा १९९८ मध्येही भडकला होता आणि २०१० च्या डिसेंबरातही. तेव्हा दुसरा पुरावा पाहिजे. तो चकतीतच असतो. पहिल्या ट्रॅकमध्ये फाइलींची यादी असते आणि तिच्या वर एका ठरलेल्या जागी चकती तयार केल्याची तारीख व वेळ नोंदलेली असते. तिथे सापडलं फेब्रुवारी २०११. रात्री पावणेदोनची वेळ. कुठल्यातरी स्टुडिओत कुणीतरी जागा होता. ही तारीख दर वेळी खरी मानता येत नाही, संगणकाची बॅटरी गेलेली असली की १९८० चं साल निघतं. मग परत संकासुराकडे जावं लागतं.

बघायचं कसं, हे मला सारखं विचारतात. मोठ्या सपाट टीव्हीवर व्हीसीडी लावली की सगळं ढेकळासारखं दिसतं, आणि माणसं म्हणतात, हे कसं बघायचो आपण? तेव्हा आपण हे एकवीस इंची पिक्चर ट्यूबवर बघायचो. ट्यूबच्या रेषांमध्ये ठिपक्यांच्या कडा विरघळतात, रंग एकमेकांत थोडे मिसळतात आणि हॅलोजनखालचा जरीचा शेला शेल्यासारखा दिसतो. म्हणून मी माझा जुना टीव्ही सांभाळलाय, त्याचा फ्लायबॅक दोनदा बदललाय. एक अडचण मात्र ट्यूबवरही जात नाही. या पद्धतीत प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाहीत, मागच्या चित्रापासून काय बदललं तेवढंच बरेचदा साठवतात. ऋषी बसून बोलत असतो तोवर उत्तम. युद्धाला दोघं उतरले, झगे फिरले, गिरकीवर गिरकी सुरू झाली की सगळंच बदलतं, आणि ११५० किलोबिट तेवढेच असतात. राक्षसाचा चेहरा लाल चौकोनांचा होतो. आमच्या शेजारचा सात वर्षांचा मुलगा हे बघून म्हणाला, ‘तो मायावी हा, म्हणून असो दिसता.’ तेव्हापासून मला ते चौकोन खुपत नाहीत.

नाटकाच्या शेवटाला आणखी एक धोका असतो. ग्रामोफोनची तबकडी बाहेरून आत वाजते, सीडी आतून बाहेर. एकच वेटोळी वाट, सरळ केली तर पाच किलोमीटरहून लांब भरेल. सुरुवात मधल्या भोकाशी आणि शेवट कडेला. माणसं सीडी कडेला धरतात. बोटं कडेला, तेल कडेला, खाली पडली की आपटते ती कडच, आणि दमट हवाही कडेनेच आत शिरते. त्यामुळे माझ्या संग्रहात नांदी सगळ्यांची शाबूत आहे आणि वध बऱ्याच जणांचे गेलेत.

कोकणातला पाऊस तर आहेच. जुलैमध्ये कागदी पाकिटं सीडीला चिकटतात, बुरशीची पांढरी जाळी येते. मी पाकिटं फेकून देते, कव्हर तेवढं वाळवून वहीत चिकटवते. चकती नळाच्या पाण्याखाली, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, आणि मऊ फडक्याने मधून कडेकडे सरळ पुसायची. गोल गोल पुसू नये. गोल ओरखडा त्याच वाटेने लांबवर जातो आणि लेसरला तो ओलांडता येत नाही, आडवा ओरखडा तो उडी मारून पार करतो. आणि छापलेली बाजू जपा. लोकांना वाटतं चकचकीत बाजू नाजूक. खरं तर त्या बाजूला मिलिमीटरभर प्लास्टिक आहे, पॉलिश करून ओरखडा काढता येतो. माहिती बसलेली असते ती छापील बाजूला, नुसत्या लाखेच्या थराखाली. तिथे बॉलपेनने जोरात नाव लिहिलं की माहितीच खरवडली जाते. घरी रेकॉर्ड केलेल्या चकत्यांत तर ॲल्युमिनियमच्या खड्ड्यांऐवजी रंगाचा थर असतो, आणि उन्हात ठेवली की तो उडतो. खिडकीतल्या लग्नाच्या सीड्या आजच आत उचलून ठेवा, एवढं कळकळीने सांगते.

प्रत काढताना साधं कॉपी-पेस्ट केलं की पहिल्या मोठ्या ओरखड्याला संगणक थांबतो आणि सगळं सोडून देतो. मी सेक्टरवार कच्ची प्रत काढणारं सॉफ्टवेअर वापरते. न वाचलेले सेक्टर ते नोंदून ठेवतं, मग तीच चकती दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालायची आणि राहिलेले तेवढेच वाचायला लावायचं. माझ्याकडे जुन्या संगणकांतून काढलेले पाच ड्राइव्ह आहेत. एकाला जे दिसत नाही ते दुसऱ्याला दिसतं. एका सीडीचा शेवटचा अकरा मिनिटांचा भाग मी पाचही ड्राइव्ह आलटून पालटून तीन रात्रींत भरून काढला.

माझ्या भावाला या छंदाचं कौतुक आहे. त्याने मुंबईच्या चोर बाजारातून मला तीन लेसरडिस्क आणून दिल्या. जेवणाच्या ताटाएवढ्या, तीस सेंटिमीटरच्या, जड. १९७८ मध्ये अमेरिकेत विक्रीला आल्या. चकचकीत दिसतात म्हणून सगळ्यांना डिजिटल वाटतात, पण त्यांच्यातलं चित्र ॲनालॉग असतं, खड्ड्यांच्या लांबीत साठवलेलं. तिकडे १९८१ मध्ये आरसीए कंपनीने सुईने वाजणारी चित्रांची तबकडीसुद्धा काढली होती, ती पाच-सहा वर्षांत बंद पडली. वाचायला छान वाटतं हे सगळं. लेसरडिस्कचं मशीन माझ्याकडे नाही, त्यामुळे त्या भिंतीला टेकून आहेत. मी फिरून माझ्या बारा सेंटिमीटरवाल्यांकडेच येते.

तर ती अर्धी जोडी.

कव्हरवरच्या अंडाकृती फोटोंत खाली ‘मृदंग’ लिहिलेला एक चेहरा मला ओळखीचा वाटत होता. गेल्या पावसाळ्यात कळलं, आमच्या वाडीपासून दोन मैलांवर राहणारे आबा. आता ब्याऐंशीचे, गुडघे गेलेले. त्यांच्या नातवाने त्यांना मोटारसायकलवर बसवून आणलं. सासूबाईंनी चहा केला, मी टीव्ही लावला. ट्रे आत गेला, चकती फिरल्याचा तो बारीक सूं आवाज आला, निळा पडदा, आणि मग पेटीचा पहिला सूर. आबा पुढे सरकून बसले. ‘ह्यो मीच मां?’ पडद्यावर काळ्या केसांचा एक माणूस मान खाली घालून मृदंगाला कणीक लावत होता.

पुढचे अडीच तास ते फार बोलले नाहीत. उजवा हात मांडीवर चालू होता. एका जागी राजा पल्लेदार वाक्य घेऊन शेवटी श्वासाला थांबला आणि मृदंगाने ती जागा भरली. आबा म्हणाले, ‘थांब थांब, परत लाय.’ मी परत लावलं. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर त्यांनी सांगितलं की ती थाप चुकीची होती, पण नटाने ती ओळखून पुढचं वाक्य तिच्यावर बेतलं. मला ते अजिबात कळलं नव्हतं, वीस वेळा बघूनसुद्धा. आता दर वेळी ऐकू येतं.

दुसरी सीडी संपली. राक्षस आणि राजा समोरासमोर, राक्षस म्हणतो, मरणाआधी एक प्रश्न विचारतो, आणि तिथे कट. मी आबांना विचारलं, काय विचारलं त्याने? मला वाटलं होतं हे सांगतील, हे तिथेच बसले होते.

‘बाये, नाटक रोजचा वेगळा,’ ते म्हणाले. ‘त्या राती तो काय बोललो ता तेकाच ठावक. आणि तो आता नाय.’

थोडा वेळ कुणीच टीव्ही बंद केला नाही. निळा पडदा तसाच राहिला. मग आबांनी विचारलं, तिसरी खय गावात काय बघ. जाताना नातवाच्या खांद्यावर हात ठेवून पायरीवरून पुन्हा वळून म्हणाले, गावली तर फोन कर, रात असली तरी कर.

म्हणून हे लिहिलंय. डबी काळी, जाड, तीन सीड्यांची. कव्हरला वर जांभळे ढग, मधोमध हिरव्या तोंडाचा राक्षस, डाव्या कोपऱ्यात पांढऱ्या दाढीचा ऋषी. नाव पिवळ्या अक्षरात होतं, पण माझ्या कव्हरचा तो तुकडा ओल लागून निघून गेलाय. चकतीवर लाल शाईत फक्त आकडा आहे. ती सुटी पडली असेल, दुसऱ्याच डबीत गेली असेल, झाडाला पाखरं उडवायला टांगली असेल. तशी टांगलेली असली तरी काढू नका म्हणत नाही, काढाच, आणि पाण्याने न पुसता आहे तशी मला द्या. मुंबईला, परळ-लालबाग-भांडुपकडे, कुणाच्या माळ्यावर मे महिन्यात नेलेली नाटकं असतील, तर तिथेही एकदा बघा. आकडा ३.